ऐंशी वर्षे राज्य करणारा राजा

अहेरी तालुक्यातल्या एका आश्रमशाळेत आम्ही दोन दिवस अडकून पडलो होतो. आमचे काम खडकांचे. सिरोंच्याच्या बाजूला कोट्यवधी वर्षांपूर्वीची झाडे आणि प्राणी दगड होऊन पडलेले आहेत. ते पाहायला निघालो, तर पावसाने रस्ता अडवला. नाल्याचे पाणी उतरेपर्यंत थांबणे भाग होते. विज्ञान संस्थेतली माणसे आयती हाती लागली म्हटल्यावर शाळेने आम्हाला नववीच्या वर्गावर धाडले. विषय कोणताही घ्या, म्हणाले.

विषय भिंतीवरच टांगलेला होता. इतिहासाच्या शिक्षकांनी स्वतः रंगवलेला एक तक्ता : 'चांद्याचे गोंड राजे'. भीम बल्लाळसिंहापासून नीलकंठशाहापर्यंत १९ नावे, आणि प्रत्येक नावापुढे सन. सुरुवात ८७० ची, शेवट १७५१ चा. आम्ही तक्ता वाचत असताना मागच्या बाकावरून एका मुलाने विचारले, "सर, हा चौदावा राजा बाबाजी बल्लाळशाह. १४४२ ते १५२२. ऐंशी वर्षं राज्य केलं म्हणजे मेला तेव्हा किती वर्षांचा होता?"

वर्ग हसला. इतिहासाचे शिक्षक दारात उभे होते, ते हसले नाहीत.

प्रश्न इतका नेमका होता की आम्हाला राहवले नाही. खडू घेतला आणि फळ्यावर वजाबाक्या सुरू केल्या. पुढचा तास कसा गेला ते कळले नाही. संध्याकाळी वीज गेलेली असताना व्हरांड्यात बसलो, तेव्हा ते शिक्षक आमच्याजवळ आले. ते स्वतः गोंड समाजातले. म्हणाले, "तुमचं गणित बरोबर असेल. पण मी इतकी वर्षं हा विषय शिकवतो आहे. मौर्य, सातवाहन, यादव, मुघल, मराठे, इंग्रज. या सगळ्यांत माझ्या मुलांना आपलं म्हणता येईल असं एक पान शोधायला गेलो तर हाती लागत नाही. ही एक यादी मिळाली, ती भिंतीवर लावली. तीही तुम्ही खोडून जाणार का?"

आमच्यापाशी तयार उत्तर नव्हते. हा लेख त्या प्रश्नाचा माग काढताना तयार झाला. आधी गणित सांगतो, कारण ते कोणत्याही शाळेत करून पाहता येते. मग प्रश्नाकडे येऊ.

यादी कुठून आली?

चंद्रपूरचे नाव १९६४ पर्यंत चांदा होते. आजचा गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी वेगळा झाला, त्याआधी हा सारा प्रदेश एकच चांदा जिल्हा होता. सिरपूर, मग बल्लारपूर, मग चांदा अशा राजधान्या बदलत गोंड राजांनी येथे राज्य केले. १७५१ साली नागपूरच्या रघूजी भोसल्यांनी नीलकंठशाहाकडून ते घेतले. १८५३ च्या डिसेंबरात तिसरे रघूजी निपुत्रिक वारले आणि १८५४ मध्ये इंग्रजांनी नागपूरचे राज्य खालसा केले. त्यानंतर जमीन मोजून सारा ठरवण्यासाठी जे अधिकारी आले त्यांत मेजर ल्यूसी स्मिथ हे एक. त्यांचा जमाबंदीचा अहवाल १८६९ चा आहे. चांद्याच्या राजांची सनांसह यादी त्या अहवालामुळे प्रचारात आली. पुढे ती गॅझेटियरमध्ये गेली, तेथून पुस्तकांत, स्मरणिकांत आणि शेवटी अहेरीच्या त्या भिंतीवर.

म्हणजे नावे इथल्या लोकांच्या आठवणीतली, आणि त्या नावांना सनांच्या चौकटीत बसवून छापणारा साहेब जमाबंदीचा. एवढे लक्षात ठेवून पुढे जाऊ.

१७५१ मधून ८७० वजा केले की ८८१ वर्षे उरतात. त्यांना १९ ने भागा. एका राजाच्या वाट्याला सरासरी ४६ वर्षे येतात. हे जास्त आहे का? मुलांनाच शोधू द्या. पुस्तकातले कोणतेही घराणे घ्या. बाबरापासून औरंगजेबापर्यंत सहा बादशहा, १५२६ ते १७०७, म्हणजे १८१ वर्षे : सरासरी ३०, आणि त्यात हुमायूनची परागंदा वर्षेही धरलेली. इंग्लंडच्या गादीवर १०६६ पासून १९०१ पर्यंत ३५ राजे-राण्या झाल्या : सरासरी सुमारे २४. तुर्कस्तानच्या उस्मानी घराण्यात ६२३ वर्षांत ३६ सुलतान : सरासरी १७.

ही युक्ती आमची नाही. खुद्द न्यूटनने ती वापरली होती. त्याच्या मृत्यूनंतर १७२८ साली छापल्या गेलेल्या प्राचीन राज्यांच्या कालगणनेवरील पुस्तकात त्याने म्हटले, की जुने लोक एका राजाला एक पूर्ण पिढी, म्हणजे तेहेतीस-एक वर्षे बहाल करतात, पण प्रत्यक्षात राजे सरासरी १८ ते २० वर्षेच राज्य करतात. भाऊ भावाच्या जागी येतो, कोणी लढाईत मरतो, कोणाला विष घातले जाते. त्यावरून न्यूटनने ग्रीसचा सारा प्राचीन इतिहास काही शतके अलीकडे ओढला. त्याचे निष्कर्ष पुढे टिकले नाहीत, पण सरासरीचा मुद्दा टिकला. आफ्रिकेतल्या राजवंशांच्या तोंडी परंपरांवर विसाव्या शतकात यान व्हान्सिना यांनी मोठे काम केले. जगभरच्या अशा याद्या तपासून डेव्हिड हेनिगे यांचे पुस्तक १९७४ साली आले. दोघांचेही सांगणे असे, की लोक नावे बऱ्याच निष्ठेने जपतात, काळ मात्र ताणला किंवा आकुंचला जातो. आणि परका अधिकारी वही घेऊन समोर बसला की तो ताणला जाण्याकडे कल असतो.

आता मुलाच्या नजरेतून सुटलेली, पण आम्हाला अधिक मजेदार वाटलेली गोष्ट. प्रत्येक राजाची कारकीर्द वर्षांत काढली तर हे आकडे मिळतात : २५, ४०, ३५, २५, ३२, ४५, ७०, ६५, ३५, ४०, ६०, ६०, ४०, ८०, ७५, ५०, २५, ६३, १६. पुन्हा एकदा वाचा. एकोणीसपैकी सोळा आकडे पाचाच्या पाढ्यातले आहेत! मृत्यू काही पाचाचा पाढा म्हणत येत नाही. नुसत्या योगायोगाने पाहिले तर पाचात एक, म्हणजे चारेक आकडे असे निघायला हवेत. जनगणनेत वय विचारले की लोक 'चाळीस', 'पंचेचाळीस' सांगतात, एकेचाळीस कोणी सांगत नाही, आणि त्यामुळे वयांच्या आलेखावर दर पाच वर्षांनी उंचवटा दिसतो. तोच उंचवटा इथे आहे. कोणीतरी अंदाजाने वर्षे घातली आहेत. अपवाद तीन, आणि त्यांतले दोन यादीच्या अगदी शेवटी : ६३ आणि १६. तेथे आठवण ताजी होती आणि कागदही होते.

यावर एका मुलीने बिनतोड शंका काढली. शेवटचा ६३ हा आकडा खरा मानायचा, तर मग ७० खोटा का? तिचे बरोबर होते. इंग्लंडच्या व्हिक्टोरिया राणीने ६३ वर्षे राज्य केले, फ्रान्सच्या चौदाव्या लुईने ७२. हे घडते, पण लहानपणीच गादी मिळाली तर. चांद्याचा रामशाह दत्तक आलेला होता, तो लहान असताना राणी हिराईने कारभार पाहिला. म्हणून त्याची ६३ वर्षे पटतात. पण एकाच घराण्यात ६० किंवा त्याहून अधिक वर्षांच्या सात कारकिर्दी? एक उंच माणूस भेटणे वेगळे आणि गावातला दर तिसरा माणूस सहा फुटी निघणे वेगळे.

दुसरा साक्षीदार

एवढ्यावर थांबलो असतो तर ते केवळ यादीतले दोष काढणे झाले असते. विज्ञानात एका उपकरणाचे वाचन शंकास्पद वाटले की दुसऱ्या, स्वतंत्र उपकरणाने मोजतात. इथे ते उपकरण आहे 'आईन-इ-अकबरी'. अबुल फज़लने १५९० च्या दशकात ते लिहिले. वऱ्हाड सुभ्याची माहिती देताना तो शेजारच्या गोंड जमीनदारांची नोंद करतो आणि त्यात एका बाबाजीचे नाव येते : एक हजार घोडेस्वार, चाळीस हजार पायदळ. वैरागडजवळच्या हिऱ्यांच्या खाणीचाही उल्लेख तेथे आहे. वैरागड म्हणजे गडचिरोली जिल्ह्यात, आरमोरी तालुक्यातले.

तक्त्यानुसार बाबाजी १५२२ सालीच वारलेला. अबुल फज़लच्या लेखी मात्र तो सत्तर वर्षांनंतरही सैन्य बाळगून आहे. आता आपले सरासरीचे गणित लावा. बाबाजीपासून नीलकंठशाहापर्यंत सहा राजे. सहा गुणिले २४ म्हणजे १४४. १७५१ मधून वजा करा : १६०७. म्हणजे सरासरी सांगते की बाबाजी १६०७ च्या आसपास गादीवर बसला असावा. आईनच्या काळापासून चूक पंधरा-वीस वर्षांची. छापील यादीची चूक त्याच्या कितीतरी पट. एका दरबारी फारसी ग्रंथातला आणि एका भागाकारातला आकडा इतके जवळ यावेत, याचा आम्हाला त्या वर्गात मनापासून आनंद झाला. मुलांनाही झाला. (एकाच नावाचे दोन राजे असू शकतात, अशी हरकत घेता येईल. घ्यावीच. मुलांनी घेतली तर त्या दिवशीचा तास सार्थकी लागला असे समजा.)

याच रीतीने मागे गेले तर चांदा शहर वसवणारा खांडक्या बल्लाळशाह १२४२ ऐवजी १५०० च्या आगेमागे येतो, आणि घराण्याची सुरुवात ८७० ऐवजी १३०० च्या सुमारास. सरासरी १७ धरली तर १४२८ येते, ३० धरली तर ११८१. उत्तर एक सन नाही, पट्टा आहे. खडकांचे वय सांगतानाही आम्ही असाच पट्टा सांगतो, आणि त्यात कमीपणा मानत नाही.

व्हरांड्यातला प्रश्न

आता त्या शिक्षकांच्या बोलण्याकडे. ८७० चे १३०० झाले तर मुलांचे काय गेले? चारशे वर्षे गेली, असे म्हणता येईल. ज्यांच्या वाट्याला पुस्तकात चार ओळीही येत नाहीत त्यांच्याकडून चारशे वर्षे काढून घेणारे आम्ही कोण? आम्ही शहरातले, सुखवस्तू, आमच्या पूर्वजांच्या गोष्टी पहिलीपासून पुस्तकात. हे ओशाळेपण आम्ही लपवणार नाही.

पण त्याचबरोबर दोन गोष्टी आम्हाला दिसतात. पहिली म्हणजे ही चाचणी फक्त गोंडांसाठी राखून ठेवली तर तो अन्याय. सगळ्यांना लावली तर तो अभ्यास. सातवाहनांच्या एकूण राजवटीला काही पुराणे ४६० वर्षे देतात, काही सुमारे ३०० च. हा वाद अजून चालतो, आणि त्यामुळे सातवाहनांचे महत्त्व कोणी कमी मानत नाही. चंद्रपूरची एक कथा घ्या. खांडक्या बल्लाळशाह शिकारीला गेला असताना एका सशाने उलटून त्याच्या कुत्र्याचा पाठलाग केला, ही वीरभूमी आहे असे जाणून तेथे शहर वसवले. मुलांना ही गोष्ट फार आवडते. पण हीच गोष्ट विजयनगरच्या स्थापनेची सांगतात, आणि अहमदाबादचीही! तीन शहरे, तीन राजे, तीन धर्मपरंपरा, आणि ससा एकच. चंद्रपूरच्या मुलाला आपली कथा हंपीतही सापडली तर त्याची कथा हिरावली जात नाही. ती केवढ्या मोठ्या मुलखात फिरत होती ते कळते.

दुसरी गोष्ट थोडी बोचरी आहे. ८७० हा आकडा गोंडांनी मागितलेला नाही. तो जमाबंदीच्या साहेबाच्या दप्तरातून आला आहे. त्या आकड्यावर अभिमान उभा करायचा, तर तो साहेबाच्या अंदाजपंचे बेरजेवर उभा राहतो. गोंडांची खरी ठेव नावांची आहे. एकोणीस नावे, क्रमाने, काही शतके तोंडी जपलेली. ती कोणी जपली? वंशावळ गाणारे परधान असत, किंगरी वाजवून यजमानाच्या कुळाची कथा सांगणारे. नागपूरचे पाद्री आणि भूगर्भशास्त्रज्ञ स्टीफन हिस्लॉप यांनी लिंगोचे दीर्घ गीत गोंडीत उतरवून घेतले. ते त्यांच्या मृत्यूनंतर १८६६ साली रिचर्ड टेंपल यांनी छापले. खडकांतले जीवाश्म आणि माणसांच्या तोंडची गाणी एकाच उत्साहाने गोळा करणारा तो माणूस आम्हाला अर्थातच जवळचा वाटतो.

आम्ही त्या शिक्षकांना एवढेच म्हणालो, की नावे राहू द्या. ते म्हणाले, "आणि सन?" त्यावर दोघेही गप्प बसलो.

एक दगड, दोन लेख

राष्ट्राचा इतिहास दिल्ली-पाटण्याचा आणि जंगलातला इतिहास म्हणजे त्याची तळटीप, अशी एक समजूत पुस्तकांमुळे होते. ती मोडायला भाषण नको. चंद्रपूर जिल्ह्यात नागभीड तालुक्यात देवटेक नावाचे खेडे आहे. तेथे सापडलेल्या एका शिळेवर दोन लेख आहेत. जुना ब्राह्मी लिपीत, अशोकाच्या काळातला. एका अधिकाऱ्याने प्राणी पकडण्याला व मारण्याला केलेली मनाई त्यात आहे. त्याच शिळेवर दुसरा लेख इसवी सनाच्या चौथ्या शतकातला, वाकाटक राजा पहिला रुद्रसेन याचा. महामहोपाध्याय वा. वि. मिराशींनी हे लेख वाचून त्यांचा अर्थ लावला. शिकार ज्या मुलखात रोजच्या जेवणाचा भाग आहे तेथे शिकारबंदीचा हुकूम कोणी, कोणासाठी काढला असेल? तो पाळला गेला असेल का? अशोकावरचा धडा शिकवताना हा प्रश्न गडचिरोलीतली मुले पुण्यातल्या मुलांपेक्षा नक्कीच चांगला सोडवतील, कारण जंगलखात्याचा हुकूम आणि गावाची रीत यांच्यातली ओढाताण त्यांनी पाहिलेली आहे.

२०१७ साली आलेल्या नववीच्या पुस्तकातला पहिला पाठ इतिहासाच्या साधनांचा आहे आणि २०१८ सालचे दहावीचे पुस्तक तर इतिहासलेखनापासूनच सुरू होते. या पाठांना परीक्षेत गुण आहेत, पण वर्गात त्यांचे 'साधनांचे प्रकार तीन : भौतिक, लिखित, मौखिक' असे पाठांतर होते. चंद्रपूरच्या मुलांच्या शाळेबाहेर आख्खा परकोट उभा आहे. जटपुरा, पठाणपुरा, बिनबा, अंचलेश्वर असे चार दरवाजे आणि पाच खिडक्या. दरवाजांवर हत्तीला नमवणाऱ्या सिंहाचे राजचिन्ह. त्या भिंतीचा घेर दोरीने, पावलांनी, नकाशावर मोजायला लावा आणि तीन उत्तरे का येतात त्यावर अर्धा तास भांडू द्या. दगड कोठून आणला, चुना कोठला, एका हातभर भिंतीला किती माणसे लागली असतील, हे प्रश्न राजाच्या नावापेक्षा कमी ऐतिहासिक नाहीत.

अहेरीतला अवघड धडा

दुसऱ्या दिवशी पाऊस थांबला नव्हता. मुलांनीच विषय काढला : बाबूराव शेडमाके. त्या शाळेपासून मोलमपल्ली फार लांब नाही.

कागदांतून समजते ते असे. मोलमपल्लीचे जमीनदार बाबूराव पुलेश्वर शेडमाके यांनी मार्च १८५८ मध्ये राजगड परगण्यात माणसे गोळा करून इंग्रजांविरुद्ध उठाव केला. अडपल्ली-घोटचे जमीनदार व्यंकटराव त्यांना मिळाले. २९ एप्रिल १८५८ रोजी प्राणहिता नदीकाठी चिंचगुंडीच्या तळावर हल्ला झाला आणि तारायंत्राच्या कामावर असलेले गार्टलँड व हॉल हे दोन इंग्रज मारले गेले. (विज्ञानाच्या शिक्षकांनी येथे थांबावे. तारायंत्र म्हणजे प्रगती, असा आपला धडा. जंगलात तारेसाठी रांगेने झाडे तोडत येणारी माणसे पाहणाऱ्याला तिचा अर्थ काय वाटला असेल?) चांद्याचा डेप्युटी कमिशनर कॅप्टन क्रिक्टन याने अहेरीच्या जमीनदारीण लक्ष्मीबाई यांच्यावर दडपण आणले. त्यांच्या माणसांनी सप्टेंबरात बाबूरावांना पकडून दिले. २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांद्याच्या तुरुंगात त्यांना फाशी दिले गेले. लक्ष्मीबाईंना अडपल्ली-घोटच्या जमीनदारीतली ६७ गावे बक्षीस मिळाली. व्यंकटराव बस्तरकडे निसटले, ते १८६० मध्ये पकडले गेले.

पकडून देणारी गोंड, पकडला गेलेला गोंड. एका बाजूला देशभक्त आणि दुसऱ्या बाजूला परके, अशी सरळ रेघ ओढून दिलेला धडा इथे मोडतो. आणि वर्गात दोन्ही बाजूंना मान देणाऱ्या घरांतली मुले शेजारी बसलेली असतात. "राणी फितूर होती का?" हा प्रश्न आला तेव्हा इतिहासाचे शिक्षक आमच्याकडे पाहू लागले. आम्ही त्यांच्याकडे.

त्यांनीच तो सोडवला, आणि आम्ही तो तास जन्मभर विसरणार नाही. त्यांनी फळ्याचे दोन भाग केले. डावीकडे लिहिले : 'लक्ष्मीबाईंना काय माहीत होते?' मुले सांगत गेली. दिल्ली पडली होती, १८५७ च्या सप्टेंबरात. नागपूर इंग्रजांच्या हाती होते. सरकारचा माणूस समोर उभा होता. जमीनदारी जाणार, ही भीती होती. उजवीकडे लिहिले : 'आपल्याला आज काय माहीत आहे, जे त्यांना माहीत नव्हते?' तेथे एका मुलाने लिहिले : 'इंग्रज पुढे गेले.' एका मुलीने लिहिले : '६७ गावे.' लगेच दुसरी म्हणाली, बक्षीस आधी ठरले होते की मागून मिळाले, हे कळल्याशिवाय ते उजवीकडे लिहायचे की डावीकडे ते ठरत नाही. निकाल लागला नाही. शिक्षकांनी लावू दिला नाही. मात्र त्यांनी आणखी एक गोष्ट दाखवली, जी आम्हाला सुचली नव्हती : वरच्या साऱ्या हकिकतीत बाबूरावांचा स्वतःचा एकही शब्द नाही. ज्यांनी फाशी दिले त्यांनीच लिहून ठेवले.

गावांत मात्र बाबूराव बोलतात. फाशीचा दोर पुन्हा पुन्हा तुटला असे सांगतात. आमच्यातला एक जण दोराच्या ताणाचे गणित मांडायला निघाला होता, त्याला आम्ही आवरले. ही कथा दोराबद्दलचा पुरावा नाही. ती सांगणाऱ्यांबद्दलचा भक्कम पुरावा आहे : सरकारी कागदात जो 'बंडखोर' होता तो लोकांच्या लेखी कोण होता, हे ती सांगते. दोन्ही नोंदी वहीत हव्यात, पण एका रकान्यात नकोत. २१ ऑक्टोबरला चंद्रपूरच्या तुरुंगातल्या पिंपळाखाली आज लोक जमतात, हीही एक नोंद.

यादीत नसलेले

आम्ही निघण्याच्या बेतात असताना भामरागडकडची एक माडिया मुलगी म्हणाली, "आमच्याकडे राजा नव्हता. मग आमचा इतिहास कशात शोधायचा?" राजांच्या सनावळ्यांवर दोन दिवस घालवलेल्या आम्हा सर्वांना ही चपराकच होती.

माडिया गावांत मेलेल्या माणसासाठी दगड उभा करण्याची रीत आहे. गावाबाहेर असे दगड रांगेने उभे असतात. कोणता दगड कोणाचा, हे म्हातारी माणसे सांगतात. दगडांची रांग म्हणजे त्या गावाची यादीच, राजांची नव्हे तर माणसांची. मुलांनी घरच्यांची परवानगी घेऊन, हात न लावता, नावे लिहून काढली तर किती पिढ्या मागे जाता येते ते दिसेल. गावांची नावे हे दुसरे साधन. नकाशा घ्या, '-गाव' आणि '-पूर' ने संपणारी नावे एका रंगात, '-पल्ली' ने संपणारी दुसऱ्या रंगात रंगवा. उत्तरेकडून दक्षिणेकडे जाताना रंग कसा पालटतो ते पाहा. 'पल्ली' द्राविडी शब्द आहे, आणि गोंडीही द्राविडी कुळातलीच, तेलुगूची नातलग. सिरोंच्याकडे तर बाजारात तेलुगूच ऐकू येते.

२०११ च्या जनगणनेत गोंडी ही मातृभाषा सांगणारे सुमारे ३० लाख लोक होते. संताळी आणि बोडो या भाषा २००३ च्या घटनादुरुस्तीने आठव्या परिशिष्टात गेल्या. गोंडी तेथे नाही. प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय राज्यांनी करावी, असे घटनेचे ३५० क हे कलम १९५६ पासून सांगते. धानोरा तालुक्यातल्या मोहगावच्या ग्रामसभेने २०१९ साली स्वतःच गोंडी शाळा सुरू केली, तेव्हा मान्यतेचा प्रश्न उभा राहिला आणि ते प्रकरण न्यायालयापर्यंत गेले. नागरिकशास्त्राचा तास घ्यायचा असेल तर यापेक्षा जिवंत उदाहरण आम्हाला ठाऊक नाही. नववीतला जो मुलगा आज 'इतिहासात कच्चा' म्हणून गणला जातो, तो पुष्कळदा इतिहासात नव्हे, मराठीत अडखळत असतो. आजीकडून ऐकलेली गोष्ट त्याला गोंडीत लिहू दिली (देवनागरीत लिहिता येते) तर तो चार पाने लिहितो. आम्ही तशी पाने पाहिली.

नाला उतरल्यावर आम्ही सिरोंच्याला गेलो, जीवाश्म पाहिले. परतताना पुन्हा त्या शाळेत थांबलो. तक्ता भिंतीवरच होता. नावे तशीच, तेलरंगात. सनांचा रकाना मात्र पांढऱ्या कागदाची पट्टी चिकटवून झाकला होता, आणि तिच्यावर पेन्सिलीने नवे पट्टे लिहिले होते. बाबाजीपुढे लिहिले होते : 'आईनच्या वेळी जिवंत'.

मुलांनी बाबूरावांच्या गोष्टी जमवायला सुरुवात केली होती. वही आमच्या हाती दिली. सात गावे, अकरा गोष्टी. पकडले कोठे, याची चार वेगवेगळी ठिकाणे. प्रत्येक पानावर रकाने आखलेले : गाव, भाषा, सांगणाऱ्याचे वय. माडिया मुलीने एक रकाना स्वतःहून वाढवला होता : 'यांना कोणी सांगितले?' बहुतेक ठिकाणी त्या रकान्यात 'आजी' असे होते. दोन ठिकाणी होते, 'पुस्तकात वाचले'. त्या दोन गोष्टी तिने वेगळ्या पानावर काढून ठेवल्या होत्या.